हजेरी नेमकी कुणाची?

जून उजाडला की मुंबईत दोन मोजण्या सुरू होतात. नाल्यांतून किती गाळ काढला याची एक, आणि शाळेबाहेर किती मुलं राहिली याची दुसरी. दोन्ही आकड्यांवर फारसा कुणाचा विश्वास नसतो, तरी भांडण आकड्यांवरूनच होतं. परवा आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या कट्ट्यावर तेच झालं. विषय निघाला तो सिग्नलला गजरे विकणाऱ्या एका पोरीवरून. तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या, कॉम्प्युटरवर टाका, कोण कुठे आहे ते बटण दाबलं की दिसेल. दुसरे एक म्हणाले, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, जेवण फुकट, तरी पाठवत नाहीत म्हणजे आईबापांनाच आत टाकायला हवं. माझी भाची कायदा शिकते आणि मामाला तो शिकवायची एकही संधी सोडत नाही. तिचं म्हणणं, "मामा, ही गरिबांवरची पाळत आहे. तुमच्या मुलाचं नाव कुणी रस्त्यावर गाठून लिहून घेतलं होतं का?" तासभर वाद रंगला. त्या तासाभरात ती पोरगी शाळेत का नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सरकारनं शाळाबाह्य मुलांची नोंद ठेवलीच पाहिजे: नावानिशी, वस्तीनिशी, बारा महिने. पण त्या वहीत हजेरी लागायला हवी ती सरकारची. मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून भागणार नाही. त्याच्याकडे कोण गेलं, कधी गेलं, अडचण काय निघाली, तिचं काय केलं, पुन्हा कधी जाणार, हे लिहावं लागेल. यात माझं डोकं काही नाही, कायदाच तसा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ८ मध्ये ‘सक्तीचं’ या शब्दाचा अर्थ दिला आहे. ही सक्ती सरकारवर आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पुरं होणं त्यानं पाहायचं. कलम ९ नं तेच ओझं स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे इथे महापालिकेच्या खांद्यावर ठेवलं आणि हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवायलाही सांगितलं. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण ते चुकल्याबद्दल शिक्षा तिथे ठेवलेली नाही. हे विसरून गेल्यासारखं झालंय.

मोजणीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत उभं करू नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली. पटावर आहेत पण वर्गात कधीच नव्हती, अशी लाखो नावं निघाली. मग ४ जुलै २०१५ ला, एका शनिवारी, उलटी मोहीम झाली. शिक्षक एका दिवसात वस्त्या, स्टेशनं, सिग्नल, बांधकामं पालथी घालायला निघाले आणि सापडलेल्या शाळाबाह्य मुलांच्या बोटांना पुन्हा शाई लागली. म्हणजे चार वर्षांच्या आत आपण एकदा कागदावर असून जगात नसलेली मुलं शोधली आणि एकदा जगात असून कागदावर नसलेली. एका दिवसाची मोजणी तोकडी पडली, अशी टीका मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी लगेच केली, आणि ती रास्त होती. जे मूल त्या दिवशी आईबरोबर मजुरांच्या नाक्यावर गेलं किंवा पोटमाळ्यावरच्या जरीच्या कारखान्यात होतं, ते सापडणार कसं? पुढची मोठी मोहीम १ ते १० मार्च २०२१. तेव्हा करोनामुळे मुंबईतल्या शाळाच बंद होत्या. सगळीच मुलं शाळेबाहेर असताना शाळाबाह्य मुलं शोधायची होती! जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ आलं. नाव इंग्रजी, पंधरवडा ठरलेला, आणि शून्य हे उत्तर नावातच देऊन ठेवलेलं. उत्तर आधीच ठरलं असेल तर गणित सोडवणारा शिक्षक काय करील?

बोटाची शाई म्हटलं की मुंबईकराला आणखी एक शाई आठवायला हवी. पोलिओची. डाव्या हाताच्या करंगळीवरची. ती लावायला येणाऱ्या बाईला गोवंडीपासून मालवणीपर्यंत बहुतेक दारं उघडली. जिथे उघडली नाहीत तिथे ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली, दारावर खडूनं खूण करून आली. स्टेशनांवर बूथ लागले, कारण लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांतून फिरणारं मूल घरी भेटणार नाही हे त्या खात्याला ठाऊक होतं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे ज्या वर्षी आपण पटपडताळणी करत होतो, त्याच वर्षी याच देशात, याच वस्त्यांत, याच फिरत्या मुलांचा पक्का हिशेब ठेवून दाखवला जात होता. फरक कुठे होता? पोलिओवाल्या बाईच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात डोस. नोंद आणि मदत एकाच फेरीत पोचत होती. शाळेच्या मोजणीला येणाऱ्याच्या हातात फक्त वही असते. तो नाव लिहून घेतो, शाई लावतो, जातो. मुलाला त्यातून मिळतं काय? शाई.

नुसती वही घेऊन दार ठोठावण्याचा परिणाम या शहरानं फार पूर्वी पाहिला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग सापडला आणि पुढे घरोघर झडत्या सुरू झाल्या. रुग्ण सापडला की त्याला उचलून नेत, घरच्यांना विलग करत, सामान जाळत. लोकांनी आजारी माणसं लपवली, मयत लपवली, हजारोंनी शहर सोडलं, आणि जाताना रोगही बरोबर नेला. १८९८ च्या मार्चमध्ये तर तपासणी पथकावरून शहरात दंगल पेटली. प्लेगचं पथक लोकांच्या हितासाठीच आलं होतं, तसा सरकारचा दावा होता, आणि तो सगळा खोटाही नव्हता. पण ज्या नोंदीतून घर मोडतं ती नोंद माणूस टाळणारच.

म्हणून भाचीचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तिच्या बाजूनं मी आणखी एक गोष्ट सांगतो, जी तिनं सांगितली नव्हती. मराठीत ‘हजेरी’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात, शाळेत आणि पोलीस चौकीत. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये पहिल्यांदा आला, पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवून त्यांच्या नावांच्या याद्या केल्या. त्यांनी ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, आजही लोक त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांची सुटका झाली. आज मुंबई-ठाण्याच्या सिग्नलांवर फुलं विकणाऱ्यांत पारधी कुटुंबं बरीच आहेत. ज्या घरात आजोबा हजेरीला जात होते, त्या घरातल्या नातवाला ‘चल, तुझी हजेरी लावायची’ म्हटलं तर काय वाटेल? वर १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा आहेच. पुलाखाली राहणाऱ्याला वही घेऊन येणारे साहेब सगळे सारखेच दिसतात. कोण शाळेत नेणार आणि कोण गाडीत घालणार, हे आधी कळत नाही. तेव्हा पळणं हाच शहाणपणा.

एवढं मान्य करूनही मी भाचीच्या निष्कर्षाला येत नाही. नोंदच नको म्हटलं तर सोय कुणाची होते? जरीच्या कारखानदाराची. ज्याच्या नावाची कुठेच नोंद नाही ते मूल सरकारपासून सुटतं आणि मुकादमाच्या तावडीत सापडतं. यादीबाहेर राहण्याचं स्वातंत्र्य श्रीमंताला परवडतं, कारण त्याच्या मुलाची फिकीर करणारी दहा माणसं यादीशिवायही असतात. तेव्हा अडवायचं ते नोंदीला नव्हे, नोंदीच्या वाटा फुटण्याला. शाळेसाठी घेतलेली माहिती पोलिसांना, अतिक्रमणवाल्यांना, रेशन कार्यालयाला मिळणार नाही, हे नियमात लिहून ठेवा आणि वस्तीत जाऊन मोठ्यानं वाचून दाखवा. कागदपत्रांचं म्हणाल तर वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगतं. आधारच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही आधार नसल्यामुळे मुलाला लाभ नाकारू नका, असं म्हटलं आहे. तरी शाळेच्या खिडकीत पहिला प्रश्न आधारचाच येतो, कारण शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती पदं याची मंजुरी, आधार जुळलेल्या मुलांवर बेतली गेली. खिडकीतल्या माणसाला दोष द्यायचा तरी कसा? आधार नसलेलं मूल घेतलं तर त्याच्या हिशेबात ते मूल नसतंच.

इथे तळमजल्यावरच्या काकांचं बटण येतं. शाळा आणि विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारं राज्याचं ‘सरल’ आलं, केंद्राचं ‘यूडायस’ आहे, आता विद्यार्थ्यागणिक ‘अपार’चा बारा अंकी क्रमांकही आहे. ही यंत्रणा निरुपयोगी नाही. बदली होऊन नाशिकला गेलेल्या कारकुनाच्या मुलाचा दाखला आता झटकन मिळतो, हे काही कमी नाही. पण या सगळ्या क्रमांकांची मेख अशी की ते शाळा देते. जे मूल कधी शाळेत आलंच नाही त्याला क्रमांक कोण देणार? आणि जे येऊन गेलं, त्याचं नाव पटावरून कमी करायला कुणी राजी नसतं, कारण पट उतरला की पद जातं. म्हणजे काकांच्या पडद्यावर ते मूल हिरव्या ठिपक्यात दिसेल आणि प्रत्यक्षात कुर्ल्याला गाड्या धूत असेल. खोटं लिहिणाऱ्याला पगार आणि खरं लिहिणाऱ्याला बदली, अशी रचना ठेवून कुठलं सॉफ्टवेअर खरं बोलेल? ‘हे मूल सुटलंय’ असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या शाळेचं पद निदान वर्षभर तरी राखून ठेवा; बिनखर्चाची सुधारणा आहे.

आता आईबापांना आत टाकण्याचं. ही मागणी नवी नाही, आणि ती करणारे सगळे काही दुष्ट नव्हते. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं सांगितलं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात केली आणि १९०६ मध्ये ती सक्ती संस्थानभर नेली, दंडासकट. गोखल्यांचं विधेयक १९११ मध्ये मांडलं गेलं, पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. जमीनदारांना शेतावर मजूर कुठून मिळणार याची काळजी होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुंबईत १९२० चा कायदा होऊन १९२५ मध्ये एफ आणि जी विभागांत, म्हणजे परळ-दादर-माहीम-वरळीच्या पट्ट्यात, सक्ती सुरू झाली. तेव्हा दंडाला माझा तात्त्विक विरोध नाही. पण शाहूंचा दंड आठवणारे एक विसरतात. त्याच राजानं आधी वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली होती. दंडाच्या आधी छप्पर होतं.

आणि आपण काय ठेवलं? १९९२ पासून महाराष्ट्रात दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता आहे: हजेरीच्या दिवसाला एक रुपया. तीन दशकं उलटली तरी तो एक रुपयाच राहिला. शाहूंच्या काळी एक रुपयाचा दंड बापाला झोंबायचा. आज एक रुपयात गजऱ्याचा दोराही येत नाही. त्या सिग्नलवरच्या पोरीचं गणित मांडून बघा. ती दिवसाला शंभर-दोनशे घरी नेत असेल, आणि ती शाळेत बसली तर धाकट्या भावाला सांभाळायला आईला बसावं लागेल. म्हणजे दोघींची कमाई जाते. या पोरीला खरं तर शाळेआधी पाळणाघर हवं आहे, तेही भावासाठी. मोबाईल क्रेशेस या पाळणाघरं चालवणाऱ्या संस्थेनं हे १९६९ मध्ये दिल्लीच्या बांधकामांवर ओळखलं आणि नंतर ते काम मुंबईतही आलं. डोअर स्टेप स्कूलनं १९८८ पासून मुंबईच्या वस्त्यांत मूल जिथे आहे तिथे वर्ग नेला, बसमध्येही भरवला. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा उभी राहिली. यांतल्या कुणी आधी दंडाची पावती फाडली नाही. पैसे नाहीत ही सबबही पुरी खरी नाही. १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर कामगारकल्याणासाठी घेतला जातो आणि नोंदणी झालेल्या कामगाराच्या मुलाला त्यातून शैक्षणिक मदतही मिळते. फक्त नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या बिगाऱ्याला तो कोण देणार? रोज वेगळा मालक.

‘बाहेरून आलेल्यांच्या पोरांचं आम्ही का बघायचं’ हे कट्ट्यावर कुणीतरी पुटपुटलंच. त्याला लांब उत्तर द्यायची गरज नाही. स्थलांतरित मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असं कलम ९ स्पष्टच म्हणतं. आणि एफ-जी विभागांत १९२५ साली सक्ती आली तेव्हा तिथली पोरं होती कुणाची? रत्नागिरीहून, साताऱ्याहून बोटीनं आणि रेल्वेनं आलेल्या गिरणी कामगारांचीच. म्हणजे पुटपुटणाऱ्याच्या आजोबांची.

मला खटकते ती वेगळीच गोष्ट. सरकारला नोंद ठेवता येत नाही असं नाहीच. झोपडपट्टी पुनर्वसनाचं ‘परिशिष्ट दोन’, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेची यादी, कधी पाहिलंत? झोपडीचा क्रमांक, वापर, क्षेत्रफळ, कुठल्या तारखेपूर्वीचा पुरावा, पात्र की अपात्र, सगळं त्यात असतं. खोली पोटभाड्यानं दिली तरी सुगावा लागतो. त्या कागदावर एक रकाना वाढवा: या घरातलं मूल कुठल्या शाळेत, कितवीत. मग तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडून माणसं माहुलला हलवली, तसं पुढच्या वेळी करताना कुणाला तरी आधीच विचारावं लागेल की या पोरांची शाळा आता कुठली. माहुलला गेलेल्या कुटुंबांतली मुलं जुन्या शाळेसाठी मैलोन्‌मैल जात राहिली, काहींची सुटली. ही मुलं कुणी ‘हरवली’ नव्हती. सरकारनंच त्यांना टेम्पोत सामानाबरोबर बसवून नेलं होतं, पत्ता त्याच्याच दप्तरी होता. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यानं शिक्षण हमी कार्ड काढलं, जे मुलाबरोबर फडावरच्या शाळेत जावं. कल्पना उत्तम. शहरातल्या शहरात पाडलेल्या घरांच्या मुलांना तसं कार्ड का नसावं?

शाळेत आणून बसवल्यावर तरी काय शिकतात, हा आक्षेप कट्ट्यावर कुणी घेतला नाही, पण तो खरा आहे. दहाव्या वर्षी पहिल्यांदा आलेल्या मुलाला वयानुरूप थेट चौथी-पाचवीत बसवायचं आणि जोडीला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कलम ४ सांगतं. बसवणं होतं. जोडीचं प्रशिक्षण शिक्षकाच्या सवडीवर राहतं, आणि ज्याला फळ्यावरचं वाचता येत नाही ते मूल दिवाळीनंतर येत नाही. त्यानंतर आठवी संपली की कायदाच हात काढून घेतो. आठवीपुढच्या पालिका शाळा मोजक्या, म्हणून नोंद तिथेच तुटते. खरं तर तेव्हाच ती सगळ्यात जास्त हवी असते.

माझी एक मैत्रीण पूर्व उपनगरातल्या एका पालिका शाळेत बरीच वर्षं शिकवत होती. तिच्या हजेरीपटाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत टिपणं असत: ‘आई साकीनाक्याला गेली, शेजारच्या शबानाच्या मावशीकडे नंबर’, ‘मामाची वडापावची गाडी, कुर्ला पूर्व, संध्याकाळी भेटतो’, ‘बहिणीचं बाळंतपण, गणपतीनंतर येईल म्हणाली, विचारणे’. त्या टिपणांवरून तिनं एका वर्षात चार मुलं परत आणली, त्यांतली दोन दहावी झाली. सरकारला जी वही हवी आहे ती हीच, असं मी तिला म्हणालो. ती हसली. त्या वर्षीच्या तपासणीत तिच्या हजेरीपटावर लाल शाईनं शेरा पडला होता, तोही तिनं पाठ करून ठेवला होता: ‘शासकीय अभिलेखात पेन्सिलचा वापर करू नये. समास कोरा ठेवावा.’ तिनं खोडरबर घेऊन सगळं पुसलं. पुसायच्या आधी एका साध्या दोनशेपानी वहीत उतरवून घेतलं, आणि ती वही अजून तिच्या घरी आहे.